अंजुमकडे ठेवलेले कागद

मोहट्याच्या देवीची यात्रा उरकली की पाथर्डीच्या बाजारात एक निराळीच घाई सुरू होते. ऊसतोडीला जाणारी माणसं निघायच्या तयारीला लागतात. कुणी कोयत्याला धार लावून घेतं, कुणी ताडपत्री दहा ठिकाणी उलगडून बघतं. मग घराची किल्ली शेजारी जाते, शेळी बहिणीकडे जाते आणि कागद अंजुमकडे जातात.

कागद म्हणजे आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, पोरांचे शाळेचे दाखले. उसाच्या फडाजवळच्या कोपीत, जिथं माणसांनाच धड आडोसा नाही, तिथं कागद कुठं जपायचे? म्हणून अस्सल कागद घरच्या पेटीत राहतात आणि त्यांची स्कॅन केलेली प्रत अंजुमच्या कॉम्प्युटरमध्ये. ऐन थंडीत कुठल्या तरी कारखान्यावरून फोन येतो, "आपा, धाकटीचा दाखला पाठव गं," आणि अंजुम तो पाठवते. ही पद्धत कुणी सुरू केली नाही. एकीनं ठेवले, म्हणून दुसरीनं ठेवले, आणि आता अर्ध्या तालुक्याची पेटी तिच्या टेबलावर आहे.

अंजुम शेख पन्नाशीची आहे. तहसील कचेरीच्या अलीकडच्या गल्लीत तिचं टायपिंगचं दुकान. दुकान कसलं, दोन खुर्च्या आणि एक बाकडं. तिचे वडील, इब्राहिमचाचा, कचेरीच्या भिंतीला टेकून टाइपरायटरवर अर्ज करून देत. ही त्यांच्याकडेच शिकली, मराठी टायपिंगची परीक्षा पास झाली आणि बापाच्या खुर्चीत बसली. टाइप करताना ती पडद्याकडे बघतच नाही. गिऱ्हाइकाकडे बघते आणि त्याच्याशी वाद घालते.

"तीनदा 'विनंती' कशाला घातलीय? एकदा केली की कळते साहेबांना."

"राहू दे की आपा, जरा वजन पडतं."

"वजन पडत नाही, साहेब झोपतो."

मी माझे लेख तिच्याकडून टाइप करून घेते. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून हा माझा नेम आहे. माझं अक्षर लागणारी ती गावातली एकटीच बाई आहे, आणि माझी वाक्यं लांबली की ती तोंडावर सांगते. असं माणूस मला चालतं. गोड बोलणाऱ्यांचा मला कंटाळा येतो.

गेल्या दसऱ्यानंतरची गोष्ट. अंजुमच्या मशीनवरचं ऑफिस, म्हणजे ज्यात टाइप करतात ते सॉफ्टवेअर, रुसलं. मशीन तिनं नगरहून जुनं घेतलं होतं, आणि सॉफ्टवेअर त्यात आधीच कुणीतरी भरून दिलं होतं. बरेच दिवस वर एक लाल पट्टी येत होती, की ही प्रत अस्सल नाही, परवाना घ्या. अंजुम ती पट्टी माशी हाकलावी तशी बाजूला सारायची. एके सकाळी ते म्हणालं, वाचायचं तर वाचा, टाइप करता येणार नाही. बाकड्यावर माणसं बसलेली आणि बाईंचे हात बांधलेले.

शेजारी गहिनीनाथचं झेरॉक्स आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तो लगेच खिशातून पेन ड्राइव्ह काढून हजर.

"आपा, हे घ्या. फुल व्हर्जन. अख्ख्या गल्लीत याच्यावरच चालू हाय."

"तू कुठून आणलंस?" मी विचारलं.

"शेवगावच्या दोस्ताकडून."

"आणि त्यानं?"

"आता मॅडम, ते कोण इचारतं?"

बरोबर होतं त्याचं. कुणी विचारत नाही. आपल्याकडे विरजण मागतात, तसं इथं सॉफ्टवेअर मागतात. वाटी घेऊन शेजारी जायचं, चमचाभर आणायचं, आपलं दूध विरजायचं. उद्या तिसरी आपल्याकडे वाटी घेऊन येते. पहिलं दही कुणाच्या घरी लागलं हे कुणालाच ठाऊक नसतं. दह्याचं ठीक आहे. बिघडलं तर वासावरून कळतं.

अंजुमनं पेन ड्राइव्ह लावला. त्यात एक चिठ्ठीवजा फाईल होती. मी चष्मा लावून वाचली. पहिलीच सूचना अशी, की आधी मशीनचं अँटीव्हायरस बंद करा.

"अंजुम, घरात शिरणारा माणूस जर म्हणाला की आधी कुत्रा बांधा, तर तू बांधशील?"

"मॅडम, सगळे बंद करतात. लिहिलंयच तसं. नाहीतर ते अडवतं."

"अडवतं म्हणजे काय, ते त्याचं कामच आहे."

"तुम्ही चहा घ्या," ती म्हणाली, आणि बंद केलं.

ऑफिस झकास चालू झालं. लाल पट्टी गेली. गहिनीनाथ माझ्याकडे बघून असा हसला, की मी चहा अर्धा ठेवून उठले.

आठवडा बरा गेला. मग एका सकाळी मी लेखाची दुरुस्ती करून घ्यायला बसले होते, तर पंकजाचा फोन आला. पंकजा म्हणजे दगडाबाईची मुलगी. दगडाबाई डोंगराकडच्या वाडीतली. अंजुमकडे कागद ठेवणाऱ्यांतली सगळ्यांत जुनी, दरवर्षी नवऱ्याबरोबर तोडीला जाते. पंकजा मात्र शिकली, आणि नगरला एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते. अंजुमनं फोन स्पीकरवर टाकला, कारण बोटं कामात होती.

"आपा, तुम्ही मला 'डिअर' कधीपासून म्हणायला लागलात?"

"काय म्हणतेस?"

"तुमचा मेल आलाय. डिअर, तुमचे कागद तयार आहेत, सोबतची फाईल उघडा. इंग्रजीत. आपा, तुम्ही मला आजवर 'पंके' सोडून काही म्हटलंय का?"

"मी कुठलाच मेल नाही पाठवला गं."

"मला वाटलंच. म्हणून उघडली नाही. ऐका, आधी नेटची वायर काढा. बोलू नका, काढा."

अंजुमनं वायर ओढली. एरवी पडद्याकडे न बघणारी बाई आता पडद्याकडेच बघत होती.

"आता मेलचा पासवर्ड बदला. मोबाईलवरून. त्या मशीनला हात लावू नका. नवीन काही घातलं होतंत का त्यात?"

अंजुमनं माझ्याकडे बघितलं. मग मीच म्हटलं, "शेवगावचं विरजण घातलं होतं."

दुपारपर्यंत आणखी फोन आले. ज्याला ज्याला अंजुमनं कधी मेल केला होता, त्या प्रत्येकाला ती 'डिअर' म्हणाली होती. एका वकिलानं तर फाईल उघडली आणि त्याचंही मशीन अडकलं. तो बराच वेळ ओरडला. अंजुमनं ऐकून घेतलं. एरवी तिनं त्याला दारातून परत पाठवलं असतं.

रविवारी पंकजा सकाळच्या बसनं करंजी घाट उतरून आली. बारीक चणीची, आईसारखीच चालायला झपझप. मशीनसमोर बसली आणि तासाभरानं म्हणाली, "हे सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल. पेन ड्राइव्हमधून आलेली चीज पासवर्ड चोरणारी होती. ऑफिस चालू होतं ते वरवरचं. आत दुसरंच काम चाललं होतं."

"आणि कागद?"

"कागद आहेत. नुसते स्कॅन आणि फोटो आहेत, ते मी तपासून बाजूला काढलेत. गेले नाहीत. पण आपा, ते कुणी बघितले का, नेले का, हे मला सांगता येणार नाही. नेले असतील. नसतीलही."

दुकानात गहिनीनाथही येऊन उभा होता. तो म्हणाला, "मंग झालं की. हायेत ना कागद? कशाला कुणाला सांगायचं? दोन-चार दिवसांत माणसं निघतील. चार-सहा महिने तिकडं. कुणाला कळतंय?"

पंकजानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती अंजुमला म्हणाली, "माझ्या आईचे कागद आहेत त्यात. आईला तुम्ही सांगणार, की मी सांगू?"

"आधी मशीन नीट कर," अंजुम म्हणाली. एवढंच.

मशीन पुसून झालं. मूळची विंडोज पुन्हा बसली, तिच्या सुधारणा उतरल्या, अँटीव्हायरस चालू झाला. आता प्रश्न ऑफिसचा. पंकजा म्हणाली, लिब्रेऑफिस घ्या, फुकट आहे आणि रीतसर आहे.

अंजुम उसळली. "फुकट? आत्ताच फुकटाचं खाऊन बसलेय ना मी! चोराचं फुकट आणि याचं फुकट, फरक काय?"

"ते दुसऱ्याचं कुलूप फोडून आणलेलं होतं, आपा. हे करणाऱ्यांनीच वाटायला ठेवलंय. ज्याला हवं त्यानं न्या, म्हणून."

अंजुमनं विचार केला. "म्हणजे नियाजसारखं."

नियाज म्हणजे नवसाचं जेवण, शिजवून मोहल्ल्यात सगळ्यांना वाटतात. पंकजा हसली. "तसंच. फक्त ज्याच्या घरी शिजलंय त्याच्याच दारात जाऊन घ्यायचं. रस्त्यात पातेलं घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडून नाही."

आणि अंजुम नेमकी रस्त्यातल्या पातेल्याकडेच गेली. नाव टाकलं, पडद्यावर यादी आली, आणि तिनं सगळ्यात वरच्यावर बोट मारलं. टायपिस्टचं बोट, त्याला थांबायची सवय नाही.

"थांबा! ती जाहिरात आहे. वरचा पत्ता वाचा."

"वाचलं ना, लिब्रेऑफिस लिहिलंय."

"पुढं काय लिहिलंय?"

अंजुमनं वाचलं. पुढं 'फ्री', 'डाउनलोड', 'बेस्ट' अशी शेपटी होती. पंकजानं ती बंद करायला लावली आणि खरा पत्ता स्वतः टाइप करायला लावला, एकेक अक्षर. तिथं एकच बटण होतं, नुसतं, न लकाकणारं. फाईल उतरली. बसवताना मशीननं विचारलं, की या या प्रकाशकाला तुमच्या मशीनमध्ये बदल करू देऊ का? अंजुमचं बोट 'हो'वर पोचलंच होतं.

"नाव वाचा," पंकजा म्हणाली.

"काय कटकट आहे! प्रत्येक ठिकाणी वाचायचं?"

"दुसऱ्याच्या अर्जात तीन विनंत्या झाल्या तर दिसतात तुम्हाला. हे वाचा."

मला हसू फुटलं. अंजुमनं माझ्याकडे डोळे वटारले आणि परीक्षेला बसल्यासारखं मोठ्यानं वाचलं, "द डॉक्युमेंट फाउंडेशन." मग 'हो' म्हटलं.

पुढचे दोन दिवस तिनं त्या नव्या सॉफ्टवेअरला भरपूर शिव्या दिल्या. सगळं वेगळ्या जागी. ठळक अक्षराचं बटण सापडेना, समास बसेना. तिचे जुने अर्ज जुन्या फॉन्टमध्ये होते. तो फॉन्ट पुसलेल्या मशीनमध्ये नसल्यामुळे ते उघडले की कागदावर मुंग्या सांडल्यासारखे दिसत. पण पंकजानं तिला युनिकोडमध्ये टाइपरायटरचाच कीबोर्ड लावून दिला होता, म्हणजे बोटांना जुनी वाट मिळाली. एकदा बोटं चालली की अंजुमचा राग टिकत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मला म्हणाली, "आता निदान माझा अर्ज कुणाच्याही मोबाईलवर मराठीतच दिसतो. पूर्वी लोकांना वाटायचं, मी चिनीत लिहिते."

गहिनीनाथ पेन ड्राइव्ह घेऊन आला. चेहरा जरा उतरलेला होता. त्याच्या मशीननंही कुणाकुणाला 'डिअर' म्हणायला सुरुवात केली असणार. "आपा, तुमचं ते नवं टाकून द्या की यात."

"पेन ड्राइव्ह नाही. पत्ता घे." तिनं कागदाच्या कपट्यावर पत्ता टाइप करून दिला. "स्वतः जा, स्वतः आण. आणि कुत्रा बांधू नकोस."

माझं वाक्य चोरलं तिनं. असू दे.

हे सगळं चाललं होतं, पण सांगायचं राहिलंच होतं. मी तिला टोकत नव्हते. टोकायचा मोह झाला होता, आणि मोह आवरणं हा माझा स्वभाव नाही, तरी आवरला. दुकान तिचं, जबान तिची. तिचं सगळं दुकान त्या एका गोष्टीवर उभं होतं, की अंजुमकडे ठेवलेलं कुठं जात नाही. हेच तिला स्वतःच्या तोंडानं मोडायचं होतं.

निघायच्या दिवशी स्टँडच्या बाजूला ट्रक लागला. भांडी, सरपण, कोंबड्यांचं खुराडं, ताडपत्र्या, सगळं चढत होतं. कागद ठेवायला म्हणून बाया-माणसं नेहमीप्रमाणे दुकानासमोर जमली. पंकजाही आईला निरोप द्यायला नगरहून आली होती. अंजुम खुर्चीतून उठली आणि ओट्यावर येऊन उभी राहिली. उभ्यानं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"ऐका सगळ्यांनी. माझ्या मशीनमध्ये चोर शिरला होता. मीच घेतला आत, फुकटचं सॉफ्टवेअर टाकताना. राखण करणारं बंद करून. तुमचे कागद आहेत, पण त्यांची नक्कल कुणी नेली असेल तर मला सांगता येत नाही. म्हणून आजपासून कुणी फोनवर आधारचा नंबर मागितला, ओटीपी मागितला, बँकेतून बोलतो म्हणाला, तर द्यायचा नाही. माझं नाव सांगितलं तरी द्यायचा नाही. काही वाकडं घडलं तर आधी मला फोन करा, मी जाते पोलिसांत तुमच्याबरोबर."

 ट्रकवरच्या कोंबड्या तेवढ्या ओरडत होत्या.

टोळीचा मुकादम अजिनाथ पुढं आला. "म्हंजी आमच्या कागदावर कुनी सिम घेतलं, तर?"

"घेऊ शकतं, अजिनाथभाऊ."

"मंग तुमच्याकडं ठिवायचे कशाला? आमचे काढा."

"काढते," अंजुम म्हणाली. आत गेली, त्याच्यासमोर काढले, मशीनमधल्या कचऱ्याच्या डब्यातूनही पुसले आणि त्याला दाखवले. त्याच्यामागं आणखी काहींनी काढायला लावले. तिनं एकालाही 'राहू द्या' म्हटलं नाही.

दगडाबाई ओट्याखाली उभी होती. हातात कपड्यांचं गाठोडं. ती एवढंच म्हणाली, "हे तू सांगतीयास, का पंकीनं सांगाया लावलं?"

"मी सांगतेय."

दगडाबाईनं मुलीकडे बघितलं. पंकजानं मान हलवली. दगडाबाई ट्रककडे गेली.

अंजुम खुर्चीत येऊन बसली. उरलेल्यांना तिनं नवी पद्धत सांगितली. प्रत्येक घराचे कागद एका फाईलमध्ये, फाईलला पासवर्ड, तो ज्यानं त्यानं स्वतः ठरवायचा. फाईल वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क एरवी मशीनला न जोडता कपाटात. "पासवर्ड विसरलात तर मलाही उघडता येणार नाही, समजलं का? लागेल तेव्हा फोन करून सांगायचा. आणि आत्ता हळू सांगा."

झुंबरबाईचा नंबर पहिला. ती दारातूनच ओरडली, "माजा लिव्ह, चांदनी!"

"अहो, हळू! तुमच्या शेळीचं नाव साऱ्या वाडीला माहीत आहे!"

"मंग माज्या ध्यानात दुसरं काय ऱ्हानार?"

"नवऱ्याचं ठेव," मागून कुणीतरी म्हणालं.

"त्याचं कशाला? शेळी दूध तरी देती."

सगळे हसले. अंजुमही हसली, पण तिची नजर दारातून ट्रककडे जात होती. झुंबरबाईनं शेवटी तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं, आणि मग एकेकजण तसंच करू लागलं. बरेच राहिले. बरेच गेलेही. त्या गेलेल्यांना मी दोष देत नाही. मीही गेले असते कदाचित.

ट्रकचा हॉर्न वाजला. माणसं धावली. दुकान मोकळं झालं. अंजुमनं डिस्क काढायला हात घातला आणि दारात सावली पडली.

दगडाबाई होती. गाठोडं ट्रकमध्ये ठेवून आली होती, धापा टाकत.

"मॅडम, तुमी भाईर व्हा," ती मला म्हणाली.

"मी? मी काय करतेय?"

"भाईर व्हा म्हन्ते ना. पंके, तू बी."

"आई, माझ्यासमोर सांग की! मला लागलं तर?"

"तुला लागलं तर मला इचार."

पंकजा आणि मी रस्त्यावर येऊन उभ्या राहिलो. मुकादम ट्रकवरून ओरडत होता, "ए दगडाबाई, तुज्यासाठी कारखाना थांबत न्हाई!" तिनं मागं वळूनही बघितलं नाही. खुर्चीच्या मागं वाकली, पदर तोंडाशी धरला आणि अंजुमच्या कानात बोलत राहिली. अंजुमची बोटं चालू लागली. बाहेरून आम्हाला फक्त कीबोर्डचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता.

"पासवर्ड आहे का पोथी?" मी म्हटलं.

 पंकजा दाराकडे बघत होती.

शेवटी आवाज थांबला. दगडाबाई सरळ झाली. "लिवलं?"

"लिहिलं. परत एकदा सांगा, तपासून घेते."

तिनं पुन्हा सांगितलं, पुन्हा कानात. अंजुमनं पुन्हा टाइप केलं. फाईल उघडली, बंद केली, डिस्क ओढून काढली आणि कपाटाला किल्ली लावली.

"आता इसरून जा," दगडाबाई म्हणाली.

"विसरले," अंजुम म्हणाली.

दगडाबाई ट्रककडे धावली.